इनटेक आणि इंजेक्टर घरीच बदलायचेत, आंबा घाटात गाडी मरते. कोणी केलंय का?

घाटातला_तिसरा

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी रत्नागिरीजवळ राहतो, गाडी १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, २०१३ ची, बीएस ४, रनिंग ९१ हजार. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा "ती घेतलीस कशाला" यातच जाईल.

प्रॉब्लेम असा की बहीण कोल्हापूरला दिली आहे त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी जाणं होतंच, आणि साखरपा सोडून घाट लागला की गाडी अक्षरशः रडते. आधी तिसऱ्यावर मस्त चढायची, आता चार माणसं आणि एसी असला की दुसरा टाकावाच लागतो. गेल्या खेपेला मागून एसटी हॉर्न मारत आली आणि वळणावर मला टाकून पुढे गेली, लाल डब्यातले लोक खिडकीतून बघत होते, यापेक्षा मोठा अपमान नाही.

तर व्हिडिओ बघून बघून ठरवलंय की एअर फिल्टरचा अख्खा डबा काढून कोन फिल्टर लावायचा (२२०० ला मिळतोय) आणि इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) मोठे टाकायचे, ऑनलाइन २४० सीसीचा चारचा सेट साडेसहा हजारात दिसतोय, "डायरेक्ट फिट, नो ट्यूनिंग" असं लिहिलंय. पाने, सॉकेट सेट सगळं आहे. काम घरीच पडवीत करणार. कोणी केलंय का, किती फरक पडतो, आणि इंजेक्टर काढताना काय काळजी घ्यायची एवढं सांगा. पावसाळ्याच्या आधी उरकायचंय.

आवाज_पायजे

कर भावा बिनधास्त! मी कोन टाकलाय तीन वर्षं झाली, इंजिन श्वास घेतं मोकळा. ४००० च्या वर जो आवाज येतो ना, बाजूचा माणूस वळून बघतो. पिकअप तर जाणवतोच जाणवतो.

ग्रीसचे_हात

जाणवतो म्हणजे कानाला जाणवतो. घड्याळ लावून बघितलंस कधी?

घाटातल्या, तुझ्या इंजेक्टरचा हिशोब आधी करूया. पेट्रोल इंजिनला फुल लोडवर एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण २२५ ग्रॅम पेट्रोल लागतं. तुझी गाडी ८५ च्या आसपासची धर. म्हणजे तासाला १९ किलो, लिटरमध्ये साधारण २६, मिनिटाला ४३० मिली. चार इंजेक्टरमध्ये वाट, प्रत्येकी ११० च्या खाली. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवत नाहीत, ८० टक्क्यांवर थांबवतात, म्हणून १३५-१४० सीसीचा (मिनिटाला तेवढे मिली सोडणारा) इंजेक्टर तुझ्या इंजिनला भरपूर झाला, आणि साधारण तेवढ्याच मापाचे कंपनीने दिलेले असणार. तू लावतोयस २४०. पावणेदोन पट.

आता ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हे कोणी सांगितलंय का? त्याला वाटतंय जुनेच इंजेक्टर आहेत, अमुक मिलिसेकंद उघडले की अमुक पेट्रोल पडतं. पडणार पावणेदोन पट. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ओरडणार की मिक्श्चर जाड झालंय (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), ईसीयू कमी करत करत उणे २५ टक्क्यांच्या आसपास जाऊन हात टेकणार कारण त्याच्यापुढे त्याला परवानगीच नसते, आणि तुला लागणारेत उणे ४०. मग चेक इंजिनचा दिवा, काळे प्लग, आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास यायला लागला की समज. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) न जळलेलं पेट्रोल जाऊन जळलं की तो लाल होऊन वितळतो, त्याची किंमत तू इथेच विचार, कोणीतरी सांगेल आणि तू पाणी पिशील.

आणि फुल थ्रॉटलला तर बहुतेक गाड्यांत ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल मारतो. म्हणजे नेमकं घाटात, जिथे तुला ताकद पाहिजे, तिथेच गाडी काळा धूर सोडत गुदमरणार.

मोठे इंजेक्टर टर्बो बसवणाऱ्याला लागतात, कॅम बदलणाऱ्याला लागतात, आणि ते लोक सोबत ईसीयूचं ट्यूनिंग करतात. इंजेक्टरने ताकद वाढत नाही रे, हवा जास्त आली तर तिला जोडीला पेट्रोल द्यायला ते लागतात.

अजून एक, त्या सेटचा रेझिस्टन्स किती ते लिहिलंय का? साध्या गाड्यांत १२ ते १६ ओहमचे असतात. स्वस्तात मिळणारे काही सेट २-३ ओहमचे असतात, ते लावलेस तर करंट इतका ओढतील की ईसीयूमधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळेल.

घाटातला_तिसरा

दादा एवढं गणित मला कोणी सांगितलंच नव्हतं, व्हिडिओत तर पोरगा अर्ध्या तासात बदलून मोकळा होतो आणि थम्सअप करतो. बरं इंजेक्टर राहू दे. पण कोन फिल्टर तर चालेल ना? तो ईसीयूला काय त्रास देणार.

कुडाळचो_झील

झिला, ती उचापत मी करून बसलंय. कोन लावलंय, आवाज काय तो मस्त, बायकोक वाटला सायलेंसर फुटलो. मगे एक दिवस ओबीडी (गाडीचे सेन्सर वाचूचा यंत्र) जोडून बघितलंय तर आत जाणाऱ्या हवेचा तापमान ५८! भायर ३३. आता घाटावरच्यांक कळूचा नाय म्हणून शुद्ध लिहितो.

कंपनीचा डबा हवा कुठून घेतो ते बघा, पुढे ग्रिलच्या मागून, एक प्लॅस्टिकचं बोळकं असतं. कोन लावला की हवा बॉनेटच्या आतली, रेडिएटरच्या पंख्याने फेकलेली गरम. तीन अंश हवा तापली की साधारण एक टक्का विरळ होते. २५ अंश म्हणजे सात-साडेसात टक्के हवाच कमी, वर गरम हवेने नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) होऊ नये म्हणून ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो ते वेगळं. पळत्या गाडीत ४५ पर्यंत उतरायचं, पण घाटात ट्रकच्या मागे १५ च्या स्पीडने चढताना परत चुलीसारखं. परत जुना डबा लावलंय, त्याच ट्रॅफिकात ३९.

कोन माळ्यावर आसा, कोणाक होयो तर फुकट घेऊन जावा.

आवाज_पायजे

मग हीट शील्ड लावायची ना, आणि पाइप काढून बंपरच्या खाली सोडायचा, थंड हवा. कोल्ड एअर इनटेक म्हणतात त्याला. अर्धवट काम केलं की असंच होणार.

चिपळूण_वाशिष्ठीकाठ

बंपरच्या खाली?? भाऊ तू कोकणात राहतोस की राजस्थानात.

माझी गोष्ट ऐका. २२ जुलै २०२१ चा पूर आठवत असेल सगळ्यांना, त्या रात्री मी गाडी आधीच वरच्या आळीत नेऊन ठेवली होती म्हणून वाचली, शेजाऱ्यांच्या चार गेल्या. एवढं शहाणपण केलेला माणूस मी. पुढच्या पावसाळ्यात याच कोल्ड एअर इनटेकच्या नादाला लागलो, फिल्टर फॉग लॅम्पच्या मागे. एका मोरीवर पाणी साचलेलं, गुडघ्यालाही नव्हतं, समोरून रिक्षा सहज येत होती म्हणून घातली. मधोमध डंपर आला समोरून, त्याची लाट बंपरवर आली आणि गाडी ठक् करून बंद. आवाज अजून कानात आहे. मी मूर्खासारखा परत सेल्फ मारला.

पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, हवा असती तर दाबली असती, पाणी आहे म्हटल्यावर कुठे जाणार, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. माझे दोन वाकले. इंजिन उतरवावं लागलं आणि इन्शुरन्सने त्या भागाचा क्लेम नाकारला. इंजिनचं वेगळं कव्हर घेतलं नव्हतं, वर मॉडिफिकेशन.

कंपनीने ते बोळकं उंचावर आणि उलटं वाकवून दिलंय ते उगाच नाही. तुम्ही हवेसाठी तोंड खाली नेताय आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाणी वर येतंय.

आणि ज्यांच्या रस्त्यावर चिऱ्याचे ट्रक चालतात त्यांना तर मी सांगायलाच नको. उन्हाळ्यात जांभ्याची ती तांबडी धूळ पीठासारखी बारीक असते, बॉनेट उघडलं की बोटाने नाव लिहिता येतं. स्वस्त जाळीच्या कोनमधून ती आरपार जाते आणि सिलिंडरला पॉलिश पेपर मारते.

घाटातला_तिसरा

म्हणजे थोडक्यात काहीच करू नको असंच सगळे सांगताय. दादा मला मान्य आहे तुमचा अनुभव मोठा आहे पण गाडी मरतेय हे तर खरं ना? गेल्या वर्षी चढायची, आता नाही चढत. सर्व्हिसिंग वेळेवर आहे, फिल्टर दोनदा बदललाय, प्लग बदलले. वर्कशॉपवाला म्हणतो "आता इ२० पेट्रोल आहे (वीस टक्के इथेनॉलवालं), असंच चालणार, नवीन घ्या". मग मी काय करू.

ओबीडीचा डोंगल मित्राकडून आणलाय. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १३ दाखवतोय. हवा मोजणारा सेन्सर पण शोधला, फिल्टर ते थ्रॉटल बॉडी (हवेचं झडप) पाइपवर काही नाही, मॅनिफोल्डवर एक लहानसा सेन्सर आहे तीन वायरचा.

ग्रीसचे_हात

आता बोललास मुद्द्याचं! "गेल्या वर्षी चढायची" हे पहिल्याच पोस्टमध्ये होतं आणि मी पण हिशोबाच्या नादात सोडून दिलं. चढायची ती आता चढत नाही म्हणजे अपग्रेड नकोय तुला, काहीतरी बिघडलंय ते शोधायचंय.

अधिक १३ म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा १३ टक्के जास्त पेट्रोल मारतोय आणि तेव्हा कुठे मिक्श्चर बरोबर येतंय. यातले काही टक्के इ२० चे हे वर्कशॉपवाल्याचं खरं आहे. शुद्ध पेट्रोलला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की साडेतेराच्या जवळ येतं, आणि तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाही तिसऱ्या हिश्शाने कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. पण मिक्श्चर बरोबर ठेवलं तर इ२० ने ताकद एवढी जात नाही की तिसऱ्याचा दुसरा करावा लागेल. तिथे त्याने तुला गुंडाळलं.

मॅनिफोल्डवरचा तो तीन वायरचा म्हणजे मॅप सेन्सर. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि ईसीयू त्यावरून हवा काढतो. त्यामुळे हवेची वाट चोंदली तरी ट्रिम बिघडत नाही, हवा कमी तर पेट्रोलही कमी, दोन्ही शांतपणे कमी होतात आणि दिवाबिवा काही लागत नाही. म्हणजे तुझ्याकडे कदाचित दोन वेगळ्या भानगडी आहेत, ट्रिम सांगतंय ती पेट्रोलची, आणि हवेची कोणी सांगतच नाही. ती आपण मोजायची.

गवंडी लोक लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात ना, ती आण तीन-चार मीटर. फळीवर यू आकारात ठोक, प्रत्येक बाजू मीटरभर उंच ठेव म्हणजे पाणी ओढलं जाऊन इंजिनात जाणार नाही. मध्ये पाणी भर, कुंकू टाक म्हणजे दिसेल. एक टोक उघडं. दुसरं टोक फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामधल्या पाइपला जोडायचं, तिथे ब्रीदरची (इंजिनातली वाफ परत आणणारी) बारीक नळी येते ती काढून तिच्या जागी, आणि ब्रीदरच्या सुटलेल्या तोंडाला तेवढ्यापुरतं रबरी बूच. फळी मागच्या सीटवर मित्राच्या हातात, तो मोबाइलवर शूट करेल, तू फक्त रस्त्याकडे बघ. सपाट रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला ३००० पासून ६००० पर्यंत फुल दाबायची.

दोन बाजूंच्या पाण्यात जेवढे सेंटिमीटर फरक, त्याला दहाने भाग, साधारण तेवढे टक्के हवा तुझा फिल्टर-डबा खातोय. कारण १० सेंटिमीटर पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाचा एक टक्का. चांगल्या डब्यात दीडएक टक्का निघेल. कोन फिल्टर आकाशातून आणलास तरी तो दीड टक्काच परत देऊ शकतो, ८५ मधला सव्वा घोडा, आणि तोही ६००० ला. एवढ्यासाठी २२०० रुपये.

मग तेच बोळकं काढून कर. फरक कुठे पडतो ते आपोआप कळेल.

आवाज_पायजे

गवंड्याच्या नळीने इंजिन ट्यूनिंग 😂 पण आयडिया भारी आहे मानलं.

नोझल_टेबल

हवेचं झालं, पेट्रोलचं मी सांगतो, पंचवीस वर्षं पंप-नोझलच्याच धंद्यात आहे. अधिक १३ म्हटल्यावर इंजेक्टर काढून टेबलावर तपासून घे. ९० हजारात टोकावर कार्बनचा थर बसतोच, आणि चारही सारखे चोंदत नाहीत, एखादाच जास्त चोंदतो. ईसीयूला चौघांचा सरासरी हिशोब दिसतो, त्यामुळे तो चौघांनाही वाढवतो, तीन जाड चालतात आणि एक उपाशी. लोडवर तो उपाशी सिलिंडर पुरतं काम करत नाही. टाकीत टाकायच्या बाटल्यांवर पैसे घालू नकोस, ९० हजारांच्या थराला त्या पुरत नाहीत. अल्ट्रासोनिक करून चारही एकदम चालवून काचेच्या नळ्यांमध्ये किती पडतं ते समोर दाखवणारा माणूस शोध.

आता काढायचं कसं, तू पडवीत म्हणालास म्हणून जरा सविस्तर. पडवीत अजिबात नको. खळ्यात, मोकळ्या हवेत, सकाळी, इंजिन गार असताना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बसते आणि जमिनीवरून सरपटत जाते, वास येईपर्यंत ती दहा फूट लांब पोचलेली असते. मागच्या दारी पाणी तापवायची चूल पेटलेली असेल, बंब असेल, देवघरात समई असेल, सगळं विझलेलं पाहिजे. लहान पोरं आणि बिडीवाले काका लांब. पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, वाळूची बादलीही चालेल, पाणी नाही.

रेलमध्ये प्रेशर असतं, इंजिन बंद असलं तरी. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढ, गाडी चालू कर, पेट्रोल संपून आपोआप बंद पडेल, परत दोन-तीन सेकंद सेल्फ मार. मग बॅटरीची मायनस काढ. तरी जोड सोडताना वरून फडका धर, थोडं सांडतंच. डोळ्यांना चष्मा. कनेक्टरची क्लिप स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नकोस, बारा वर्षांचं प्लॅस्टिक आहे, बिस्किटासारखं तुटतं. बाहेर काढायच्या आधी मॅनिफोल्डच्या भोकाभोवतीची माती हवेने उडव, आणि काढल्यावर भोकात स्वच्छ कापड कोंबून ठेव.

बसवताना वरखालच्या ओ-रिंगा नव्याच. जुनी चांगली दिसते म्हणून लावणारे खूप बघितलेत. नवीनला बोटाने इंजिन ऑइलचा हात लाव आणि सरळ दाब, पिळत पिळत घुसवलीस तर कड कापली जाते आणि ते बाहेरून दिसत नाही. माझ्याकडेच एका मुलाच्या हातून असं झालं होतं, रेलमध्ये प्रेशर आल्यावर केसाएवढा बारीक फवारा उडत होता, उन्हात दिसलासुद्धा नाही, नुसता वास. म्हणून सगळं जोडलं की लगेच सेल्फ मारायचा नाही. चावी ऑन-ऑफ तीन-चार वेळा, पंप दोन सेकंद चालतो, रेल भरते, मग टॉर्चने प्रत्येक जोड बघ, नाकाने बघ, कोरडा टिश्यू फिरव. दहा मिनिटं थांब. परत बघ. मग चालू.

कागदपत्र_पक्के

एक आडवा मुद्दा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. २०१३ ची गाडी आहे, २०२८ ला आरसी रिन्यू करताना आरटीओच्या समोर उभी करायचीय. बीएस ४ ला पीयूसीत सीओ ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. २४० चे इंजेक्टर टाकून आकडा बघायचा तर मशीनवाल्याचा चेहरा बघण्यासारखा असेल.

घाटातला_तिसरा

तीन आठवड्यांनी येतोय, रागावू नका, मधे शिमगा होता, पालखी घरी होती, कोण हातात पाना घेऊ देणार.

आधी नळी. हार्डवेअरच्या दुकानात चार मीटर लेव्हल पाइप साठ रुपये. दुकानदाराने विचारलं घर बांधताय का, मी म्हटलं गाडीला लावायचीय, त्याने परत विचारलं नाही. फळीला आईची जुनी शिवणाची टेप चिकटवली आणि कुंकवाचं पाणी. पहाटे साडेपाचला हातखंब्याच्या पुढे, मित्र मागच्या सीटवर फळी मांडीत धरून देवीची परडी धरल्यासारखा बसलेला. दुसरा गिअर, ३००० पासून दाबली. ६००० ला मित्र ओरडला "पाणी चाललं वर चाललं वर!" व्हिडिओ थांबवून मोजलं तर ६२ सेंटिमीटर.

बासष्ट! ग्रीसदादांच्या हिशोबाने सहा टक्के. बोळकं काढलं, परत केलं, १६.

म्हणजे डबा, फिल्टर सगळं बरं, गोम बोळक्यातच. घरी येऊन त्यात काठी घातली तर पुढे जाईना. ओढून काढलं तर काय निघावं. काथ्या, सुपारीची सालं, काजूबीची टरफलं, निळ्या प्लॅस्टिकचे तुकडे, आणि आमच्या सोफ्याचा पिवळा स्पंज, जो कोणी कुरतडला म्हणून घरात गणपतीपासून भांडण चालू होतं. उंदराचं अख्खं घर! गाडी माडाच्या खाली मांगराला लागून उभी असते, पावसात त्याला कोरडी जागा मिळाली. वर्कशॉपने दोनदा फिल्टर बदलला पण वरची चार क्लिपा उघडून कागद बदलायचा, झाकण लावायचं, बोळक्यात कोण बघतंय. त्यांना दोष तरी किती देऊ, बॉनेट दर रविवारी मी उघडतो, मलाही दिसलं नाही.

मग इंजेक्टर. नोझलदादा म्हणाले तसं खळ्यात, सकाळी सातला, चूल बंद, आंघोळी गार पाण्याने, बाबा अजून बोलत नाहीयेत माझ्याशी. आधी पडवीतच बसणार होतो, आणि आई तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावते ती जागा पडवीपासून आठ फुटांवर आहे, हे तुम्ही लिहिल्यावर डोक्यात आलं. एक कनेक्टरची क्लिप तुटलीच, तिला आता झिप टाय.

चार इंजेक्टर चकलीच्या डब्यात फडक्यात गुंडाळून एसटीने कोल्हापूर. होय, लाल डब्यानेच, घाट चढताना मीच खिडकीतून बाहेर बघत होतो. उद्यमनगरात एकाने समोर टेबलावर लावले. पहिल्या फेरीत ४२, ४१, ३३, ४२ मिली. तिसरा बघा. त्याचा फवारा पण शंकूसारखा न पडता एका बाजूला धार लागलेली, गळक्या नळासारखी. साफ करून परत चालवले, ४२, ४२, ४०, ४२. चारांचे बाराशे, ओ-रिंगा आणि आतल्या जाळ्या साडेतीनशे. थ्रॉटल बॉडीतला काळा गोल पण पुसून घेतला, त्यानंतर दोन दिवस आयडल वरखाली झालं आणि आपोआप बसलं.

आता ट्रिम अधिक ६. दुसऱ्या गिअरला ३००० ते ६००० आधी ७.६ सेकंद लागायचे (हे पण व्हिडिओवरूनच), आता ६.८. आणि परवा आंबा घाट, चार माणसं, एसी चालू, दोन तीव्र वळणं सोडली तर तिसऱ्यावर. एसटी होती मागे. मागेच राहिली.

ग्रीसचे_हात

४२, ४१, ३३, ४२ ची सरासरी साडेएकोणचाळीस, म्हणजे ४२ पेक्षा सहा टक्के कमी. ट्रिम १३ वरून ६ वर आलं. उरलेले सहा इ२० आणि थोडं इकडचं तिकडचं. हिशोब जुळला, बरं वाटलं.

कुडाळचो_झील

उंदराक पण कळता हवा खय थंड येता ती. कोन फिल्टरवाल्यांक कळणा नाय.

आवाज_पायजे

हे माझ्यावर होतं ना 😑 बरं माझ्या गाडीला पण नळी लावून बघतो रविवारी. आणि तापमान पण. मग बोलू.

चिपळूण_वाशिष्ठीकाठ

बोळक्याच्या तोंडाला जाळी लावलीस का? नाहीतर पुढच्या पावसात दुसरं बिऱ्हाड येईल.

घाटातला_तिसरा

खिडकीची डासांची जाळी लावायचा विचार होता, घरात तुकडा पडलाय.

ग्रीसचे_हात

ती नको, बारीक असते, ओला पाला आणि धूळ चिकटून तीच बंद होईल आणि परत ६२. स्टेनलेसची ५-६ मिलिमीटर भोकाची घे, उंदीर अडतो, हवा अडत नाही. तोंडाला सपाट न लावता टोपीसारखी फुगवून बाहेर काढ म्हणजे एक पान चिकटलं तरी बाजूने हवा येते. तार आतल्या बाजूला वळवू नको, तुटली तर तुकडा फिल्टरपर्यंत जाईल. लावलीस की नळी परत जोडून एकदा मोज, १६ च्या वर किती जातं ते इथे टाक.

घाटातला_तिसरा

लावली. १७.